वहिदा पेंटर

पडेगावच्या रस्त्यावर 'करीम पेंटर' अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली बसून काम करायची वहिदा, करीमचाचांची थोरली लेक. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, उर्दू पाट्या उतरल्या, तेव्हा चाचांनी ऐन पंचविशीत मराठी बाराखडी गिरवली आणि तिच्यावरच घर चालवलं. पण गेली चार वर्षं त्यांचा उजवा हात थरथरत होता. ट्रकचे नंबर, दुकानांच्या पाट्या, सगळं वहिदाच रंगवायची आणि कोपऱ्यात 'करीम' अशी सही करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचांचा हात अजून काय सुरेख आहे!" ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, की पुढचं काम जाईल ते माझ्या नावानं. नाहीतर जाणारच नाही.

पुढचं काम आलं पैठणच्या धरणावरून. मच्छीमार सोसायटीच्या चाळीस होड्यांवर नोंदणीचे नंबर घालायचे होते. आधी सांडू नावाच्या रंगाऱ्यानं एका होडीवर हात चालवला होता. ट्रकवर घेतात तसं त्यानं वरच्या कडेपासून माप घेतलं. होडीची कड पुढच्या टोकाला वर चढत जाते, हे त्याच्या गावीही नव्हतं. होडी पाण्यात गेली आणि नंबर घाट चढायला लागला. तपासणीच्या साहेबांनी तिथल्या तिथं ती नापास केली.

वहिदा एकटीच एसटीतून उतरून काठावर आली, तेव्हा सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चाचा कुठं हायेत?"

"घरी. काम मी करते."

"तू? बरं, एक होडी करून दाखव. जमलं तर बाकीच्या बी तुलाच."

वहिदानं डबा उघडलाच नाही. "होडी पाण्यात घाला," ती म्हणाली.

"पाण्यात रंग देतीस व्हय?" कोणीतरी खिदळलं. तिनं लक्षच दिलं नाही. ज्याची होडी होती त्या बन्सीला तिनं जाळ्यांसकट आत बसवलं, रोज बसायचा तिथंच. मग सलवार भिजेल, लोक काय म्हणतील, असला विचार न करता ती कमरेइतक्या पाण्यात उतरली. पाणी जिथं लाकडाला टेकत होतं तिथं खिळ्यानं दोन्ही अंगांना तीन-तीन ओरखडे काढले.

"पाणी कधी तिरकं नसतं, तात्यासाहेब. माप त्याच्यापासून घ्यायचं."

होडी बाहेर ओढून वाळवली. ओरखड्यांपासून वीतभर वर खडू लावलेली सुतळी ताणून तिनं रेघ पाडली आणि काळ्या लाकडावर पांढरे आकडे भरले. होडीच्या पोटाच्या गोलाईवर आकडा आखडतो, म्हणून तिथले दोन आकडे जरा रुंद केले. आकडे उन्हात वाळल्यावर मागच्या बाजूला, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, तिनं लिहिलं: वहिदा.

संध्याकाळी होडी पुन्हा पाण्यात गेली. नंबर पाण्याला समांतर, अगदी शहाण्यासारखा उभा राहिला. तात्यासाहेबांचा चेहरा खुलला, पण सही दिसली आणि आवाज चढला.

"हे काय? चाचांचं नाव घाल. बाईमाणसाचं नाव बघून लोक हसतील सोसायटीला."

"काम माझं आहे."

"मग पुसून टाक!"

वहिदानं टर्पेंटाइनचा बोळा त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच पुसा. पण नंबरापासून सुरुवात करा. तो बी याच हातानं काढलाय."

तात्यासाहेब तणतणत पाण्यात उतरले. होडीपाशी गेले. शेजारीच सांडूनं रंगवलेली होडी आपला नंबर घेऊन घाट चढत डुलत होती. तिच्याकडे बघून त्यांनी बोळा काठावर भिरकावला.

"उद्या किती होड्या बाहेर काढू?"

"आधी पाण्यात घाला," ती म्हणाली. "चार."

घरी करीमचाचा दारातच बसले होते. सलाम-दुआ राहिली बाजूला.

"नाम किसका डाली?"

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. "मेरा, अब्बा."

चाचांनी थरथरता हात मांडीखाली दाबला.

"कित्ता बडा?"

तिनं अंगठा दाखवला.

"बस इत्ताच?" चाचा भडकले. "किनारे से दिखेगा क्या वो? कल जाके बडा डाल!"