माझे कान टेबलावर

शेजारच्या खुर्चीतल्या बापूनं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. विचारलं नाही. जनावराचा कासरा ओढावा तसा ओढला.

ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. मी निवडून आलेली सदस्य. ठराव कसला, मला कळलंच नव्हतं. समोर बसलेले तात्या, म्हणजे आमचे सरपंच, हसले. मग सगळे हसले. मीही हसले. भिऊन.

मला ऐकू येत नाही. जन्मापासून बहिरी नव्हते. लग्नानंतर विट्याला यंत्रमागावर कामाला लागले, ती नवरा गेला तरी तिथंच. मागाच्या खडखडाटात आम्ही बायका खुणांनीच बोलायचो. पुढे खडखडाट तेवढा डोक्यात राहिला, बाकीचे आवाज गेले. आता आटपाडीकडच्या आमच्या गावात, वस्तीवर एकटी राहते. समोर एकच माणूस असेल तर ओठांवरून समजतं. सभेत दहा जण एकदम बोलतात. मला नुसते जबडे हलताना दिसतात.

पंचायतीतली वस्तीची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा तात्या स्वतः घरी आले होते, तूच उभी राहा म्हणायला. मला वाटलं, मान दिला.

मुलगी सांगलीला दिलेली आहे. तिनं तिचा जुना स्मार्टफोन मला दिला आणि सेटिंगमध्ये शिरून दोन गोष्टी चालू केल्या. एक, समोरचे बोलतील ते पडद्यावर मराठीत लिहून येतं. दुसरी, घरात कसला आवाज झाला की फोन थरथरतो आणि आवाज कसला ते दाखवतो. कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, दार वाजलं. शिकायला मला दोन दिवस पुरले. मागावर सुताचा गुंता सोडवणं याहून अवघड होतं.

पुढच्या सभेला फोन मांडीवर ठेवला. वर पदर. तळवे इतके ओले की पडदा बोट घेईना. सापडले तर काय करतील, एवढंच डोक्यात.

विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी आमच्या वस्तीवर मंजूर होती. तात्यांना ती त्यांच्या मळ्याकडे हवी होती. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. राहिले मी.

पडद्यावर अक्षरं येऊ लागली. काही चुकीची, काही अर्धवट. पण ही ओळ स्वच्छ आली. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, काहीतरी विचारत होते आणि तात्यांचे ओठ हलले.

"तिचं काय विचारता? बहिरी आहे म्हणूनच तर उभी केली."

तात्या 'भैरी' म्हणाले असणार, 'हाय' म्हणाले असणार. फोननं शुद्ध करून लिहिलं. शुद्ध लिहिल्यावर जास्त लागलं.

आणि बापूचा हात माझ्या मनगटाकडे आला.

मी हात काढून घेतला. फोन पदराखालून काढून टेबलावर ठेवला. माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही. त्या दिवशी बराच मोठा निघाला असावा, दारातला शिपाई दचकला.

"भाऊसाहेब, माझं मत विरोधात लिहा. टाकी वस्तीवरच पायजे."

तात्या खुर्चीतून अर्धे उठले. पडद्यावर आलं, "रेकॉर्डिंग करते ही. बंद कर तो मोबाईल."

"रेकॉर्डिंग न्हाई तात्या. माझे कान हायेत हे. तुमी तुमचा चष्मा काढून ठिवा, मी ह्यो बंद करते."

कोणी हसलं नाही. तात्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चहा न घेता गेले.

घरी आले ती कडी लावून बसले. पूर्वी आवाज ऐकू यायचे नाहीत म्हणून भीती वाटायची. आता प्रत्येक आवाजाची बातमी हातात येत होती. कुत्रं. पुन्हा कुत्रं. मोटारसायकल. मग फोन थरथरला. दारावर थाप.

उठले नाही. पुन्हा थाप. पण दिवस होता, शेजारी बायका धुणं वाळत घालत होत्या. दार उघडलं.

बापू होता, तात्यांचा निरोप घेऊन. माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट उघडून बोलला. मला समजावं म्हणून.

"आक्का, लय शानी झालीस व्हय? पुढच्या मिटिंगला मोबाईल घरी ठिव. तुजं घर गायरानात हाय, इसरू नगंस. एक अर्ज केला की मेंबरकी बी जाईल आन् घर बी."

खोटं नव्हतं. घर सरकारी जागेवरच आहे, आणि अतिक्रमण निघालं की सदस्यपद जातं. अर्ध्या वस्तीचं आहे. त्याच्या भावाचा गोठाही. पण नियम माझ्यापुरता बाहेर निघणार होता.

एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हातानं फोन त्याच्या तोंडापुढे केला.

"निरोप परत सांग बापू. सावकाश. हितं लिवून येऊ दे."

त्यानं पडद्याकडे बघितलं. त्याचेच शब्द उमटायची वाट बघत पडदा कोरा होता. तो मोटारसायकल फिरवून गेला.

तेव्हा कळलं. ही माणसं माझ्यासमोर वाटेल ते बोलायची, कारण मला सांगितलेलं कुठे लिहून राहत नव्हतं.

भीती गेलेली नाही. हे लिहितानाही फोन थरथरला की आधी दाराची कडी बघते. अर्ज होईल. नोटीस येईल. कदाचित भिंती पडतील. मुलगी म्हणते, आई, राजीनामा दे, इकडे ये. देणार नाही.

मंगळवारी सभा आहे. सगळ्यांच्या आधी जाऊन बसणार. टाकीचा विषय मीच काढणार. गायरानाचाही मीच काढणार, गोठ्यासकट. ज्याला मला धमकी द्यायची आहे त्यानं ती भर सभेत, मोठ्यानं द्यावी. मी वाचणार आहे.