एकुआचं गाणं

समुद्रकाठच्या अनोमाबू गावात एबो एसुमन मास्तरांची गाणी कोळी जाळी ओढतानासुद्धा म्हणत. मास्तर दिवसा शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी चर्चच्या गायकमंडळाला गाणं. संगीताचं शास्त्र म्हणाल तर त्यांना डो-रे-मीची अक्षरं तेवढी ठाऊक. बाकी सगळा कानाचा कारभार. वरचा आवाज आणि खालचा आवाज त्यांच्या गाण्यांत दोघी शेजारणींसारखे चालत, एक चढली की दुसरीही चढायची. तिथली फांटी भाषा बोलताना माणसाचा आवाज शब्दाच्या अर्थाप्रमाणे जसा वरखाली होतो, तसाच सूर वरखाली जायचा. म्हणून तर अबा आजी आणि तिच्याबरोबरच्या म्हाताऱ्या, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मध्येच उभ्या राहून त्या गाण्यात शिरत. तिथे तशी रीतच आहे. पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असलं तरी म्हाताऱ्या गाणं घेऊन शिरतात, आणि पाद्रीबाबा थांबतात.

एका वर्षी गायनस्पर्धेला राजधानीतून, अक्राहून, परीक्षक आले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोड आहे हो. पण शास्त्र कच्चं. दोन आवाज सारखे जोडीने चालतात. पुस्तकं वाचा जरा."

ते शब्द मास्तरांना लागले, पण तेव्हा गेले विसरून. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या बायकोच्या, एकुआच्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यानंतरचे कोरडे वारे सुटेपर्यंत राहिली तरी देवाची कृपा. एकुआ मासळी धुरावर सुकवून विकायची. बोलणं तिखट. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मास्तर, आपल्या लग्नात माझ्या नावाचं गाणं केलं होतंत, तेच माझ्या मातीला म्हणा. दुसरं काही म्हटलंत तर शवपेटीतून उठून बसेन."

मास्तर हसले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. मग त्यांच्या मनाने घेतलं की तिच्या मातीला जे गाणं जायचं, त्यात एकही चूक राहता कामा नये. बायकोला जे द्यायचं ते निर्दोष द्यायचं.

शनिवारी ते केप कोस्टला पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकान अमिसाबाईंचं. त्या पूर्वी शाळेत पियानो शिकवत.

"संगीतशास्त्राचं सगळ्यांत चांगलं पुस्तक कोणतं, बाई?"

"चांगलं कोणतं ते मग. आधी तुम्ही कुठवर आलात ते सांगा. पाच रेघांवरचं लिखाण वाचता येतं?"

"अडखळत."

बाईंनी एक पातळ पुस्तक पुढे केलं. "मग हे. रोज थोडा अभ्यास, आणि उत्तरं शेवटी दिली आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरं हवीतच, नाहीतर माणूस चुकाच पाठ करत बसतो."

मुखपृष्ठावर ढोल वाजवणारा ससा होता. मास्तर लाजले. "बाई, मी गायकमंडळाचा प्रमुख आहे. माझी पोरं बघतील ना!"

"पोरांना काय, ससा तुमच्यापेक्षा बरा वाजवतो म्हणतील."

मास्तर हसले, पण त्यांचा हात वरच्या फळीवरच्या जाड, काळ्या पुस्तकाकडे गेला होता. बाईंचा चेहरा गंभीर झाला. "ते घेऊ नका. वाईट नाही ते, पण दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन चर्चगीतांचे नियम आहेत त्यात. ते त्या गाण्यांना लागतात. आपल्या गाण्यांवर आपल्याच एका माणसाने लिहिलंय, ते मागवलंय मी. थोडं थांबा."

"थांबायला वेळ नाही, बाई," मास्तर म्हणाले. का नाही ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाईंनी ते जाड पुस्तक विकलं नसतं.

जाड पुस्तकाने मास्तरांना धरलं. दोन आवाजांनी जोडीने चालू नये. एक चढला तर दुसऱ्याने उतरावं. गणिताच्या माणसाला नियम आवडले. एकुआच्या गाण्यात पहिल्याच ओळीत त्यांना चार चुका सापडल्या. पुढे पुढे तर पुस्तक न उघडताही चूक कानाला टोचू लागली. मास्तरांना वाटलं, कान सुधारला.

अमिसाबाईंनी मागवलेलं पुस्तक मोटारवाल्याच्या हाती आलंही. मास्तरांनी ते फळीवर ठेवून दिलं. एका वेळी दोन गुरू कशाला?

मास्तरांनी एकुआचं गाणं नियमाप्रमाणे नव्याने बसवलं. गायकमंडळाची तालीम त्यांच्याच अंगणात चालायची. एकुआ खिडकीशी पडून ऐकायची.

"मास्तर, ही कुठली एकुआ?" एकदा तिने विचारलं. "मला अशी हाक कुणी मारत नाही. माझ्या आईने मारली नाही, तुम्हीही नाही."

"खालचा आवाज चढतोय ना, म्हणून वरच्याला उतरावं लागतं. नियम आहे तो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रात्रंदिवस खपून नवरा खंगला होता. "छान झालंय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. पुन्हा तिने गाण्याचा विषय काढला नाही.

कोरडे वारे सुटायच्या आत ती गेली.

मातीला सगळं गाव लोटलं होतं. गायकमंडळाने नवं गाणं उचललं, एकही सूर न चुकता. पहिली ओळ संपताना अबा आजी आणि तिच्या म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे उभ्या राहिल्या, तोंडं उघडली, आणि तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या ओळीला पुन्हा प्रयत्न केला. जमेना.

"मास्तर," अबा आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "या गाण्याला दार कुठून आहे?"

मास्तरांनी जुनं गाणं धरायची खूण केली. अर्ध्यांनी जुनं धरलं, अर्ध्यांच्या तोंडी नवंच बसलेलं. दोन्ही एकमेकांत अडकली आणि गाणं थांबलं. पेटी खाली उतरली तेव्हा नुसता दोर घासल्याचा आवाज होता.

आठवड्याने म्हाताऱ्या मास्तरांच्या अंगणात आल्या. "तिचं राहिलंय ते पुरं करू," अबा आजी म्हणाली. मास्तर एकुआच्या रिकाम्या चुलीपाशी बसले आणि म्हाताऱ्यांनी जुनं गाणं म्हटलं. एकही वळण त्या विसरल्या नव्हत्या. एक चढली की दुसरी चढत होती. शेजारच्या बायका येऊन रडू लागल्या.

मास्तर डोळे मिटून वाट बघत होते, लग्नाच्या दिवशीची एकुआ येईल म्हणून. पण पहिल्या ओळीला त्यांना चार चुका ऐकू आल्या. दुसरीला दोन. त्यांनी मन दुसरीकडे वळवून पाहिलं, कानांवर हात ठेवून पाहिले, तरी बोटांच्या फटीतून चुकाच येत राहिल्या.

"असंच होतं ना, मास्तर?" अबा आजीने पदराने घाम पुसत विचारलं.

"असंच होतं, आजी," मास्तर म्हणाले. "पुन्हा एकदा म्हणाल?"

म्हाताऱ्यांनी पुन्हा म्हटलं.