गेरूचे ठिपके आणि माझा उजवा हात

पुण्याच्या दवाखान्यात माझी उजवी छाती काढली, तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. कॅन्सर हा शब्द आमच्या कुरुळीत कुणाच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून सगळे ‘गाठ’ म्हणायचे. मीही गाठच म्हणायचे. त्याने ती जरा घरचीच वाटायची.

निघताना नर्सबाईंनी मला समोर बसवून पाढे म्हणून घ्यावेत तशा सूचना म्हणून घेतल्या. गाठ परत येऊ नये म्हणून विजेचा शेक दिलेल्या जागी तेल नको, साबण नको. त्या हाताने हंडा उचलायचा नाही, त्या हातात घट्ट बांगड्या भरायच्या नाहीत. झोपताना हात उशीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज भिंतीला बोटं टेकवून मुंगीसारखं वर चढायचं. “हात आखडू दिलात तर जन्मभर आखडलेलाच राहील,” त्या म्हणाल्या. “दोन महिन्यांनी दाखवायला याल, तेव्हा स्वतःचा अंबाडा स्वतः घालून या.”

मी हो म्हटलं, पण घरी आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नसत, पण आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जायचा. मी बैलगाडीतून उतरले आणि त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझा उजवा हात गळ्यात बांधून टाकला. “हलवलास तर टाका उसवंल. दोन म्हैनं गप पडून ऱ्हायाचं,” त्यांनी हुकूम सोडला. नर्सबाईंनी काय सांगितलंय ते मी सांगायला गेले. “ती काय येनार हाय का टाका घालाया?” एवढंच उत्तर मिळालं. बांगड्यांचं मात्र त्यांनी ऐकलं. सवाष्णीचा हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून दोन्ही हातांच्या बांगड्या त्यांनी माझ्या डाव्या हातात चढवल्या. मी कूस बदलली तरी अख्ख्या आळीला कळायचं.

वेणीफणीही त्याच करायच्या. मला खाली बसवायच्या, पाठीत गुडघा लावायच्या आणि कडब्याची पेंढी आवळावी तसा बुचडा आवळायच्या. माझ्या भुवया कपाळात जायच्या. दिवसभर मी कसलं तरी मोठं आश्चर्य वाटल्यासारखी दिसायचे. हसू यायचं, पण आतून मी घाबरले होते. छाती गेली ती गेली. पण केसांसाठी मला जन्मभर कुणापुढे तरी मान खाली घालून बसायचं नव्हतं. तो बुचडा मला स्वतः घालायचा होता.

त्यात भेटायला येणाऱ्या बायका. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर भांडणच समजतात, त्यामुळे कुणी चुकवायची नाही. यायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या, “लई दुखतंय का गं?” विचारायच्या आणि मग नात्यातल्या कुणाला तरी अशीच गाठ कशी आली होती आणि ती बाई कशी गेली, ते तिरडी उचलण्यापर्यंत सांगायच्या. गोष्टींतल्या अशा चार बायका माझ्यासमोर मरून झाल्यावर माझं डोकं फिरलं. कांदा काढणीचे दिवस होते, पडवीत ढीग पडला होता. पाचवी बाई पदराला हात घालणार, तोच मी म्हटलं, “मावशी, सांगा तुम्ही, मी ऐकते. पण बोलता बोलता तेवढी कांद्याची पात कापा.” तेव्हापासून प्रत्येकीच्या हातात विळा. चाकणच्या बाजाराला जाणारा आमचा निम्मा माल त्या वर्षी माझ्या दुखण्याने तयार केला. आजही मला कुणी विचारलं, की अशा आजारात स्वतःला कसं जपावं, तर पहिलं हेच सांगते. रडायला येईल त्याला काम द्या.

दुसरं सांगते ते चोळीचं. एक बाजू रिकामी, म्हणून मी कापसाची पिशवी शिवून आत ठेवली. ती हलकी, चालताना गळ्याशी यायची. मग वजनाला मूठभर बाजरी घातली. छान बसली. फक्त शिवण पक्की घालावी, कारण एकदा ती उसवली आणि आमच्या दोन कोंबड्या पार देवळापर्यंत माझ्या मागे आल्या.

हाताचं मात्र चोरूनच करावं लागे. आत्याबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या की मी पट्टी सोडायचे आणि चुलीशेजारच्या भिंतीपुढे उभी राहायचे. बोटं जिथवर चढतील तिथे गेरूचा ठिपका लावायचे. पहिला ठिपका कमरेच्या जरा वर होता. काखेतून कुणीतरी दोरी ओढतंय असं वाटायचं. मी डोळे मिटून भिंतीला शिव्या देत वर सरकायचे.

एक दिवस आत्याबाई लवकर परतल्या, सोबत शेजारच्या दोघी. त्यांना मी दिसले ती अशी: हात भिंतीवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत आणि समोर तांबड्या ठिपक्यांची ओळ.

“कोंच्या देवीचं हाय गं?” एकीने हळूच विचारलं.

व्यायाम म्हटलं असतं तर हात पुन्हा गळ्यात गेला असता. मी गप्प राहिले. आमच्याकडे अशा वेळी गप्प राहिलं की ते होय धरतात. संध्याकाळी बघते तर ठिपक्यांना हळदकुंकू लागलेलं. दुसऱ्या दिवशी जास्वंद वाहिलेली. शेजारच्या म्हातारीचा खांदा किती वर्षं धरलेला होता. तीही रोज येऊन भक्तिभावाने भिंतीवर हात चढवू लागली, आणि दहाव्या दिवशी तिने फळीवरची लोणच्याची बरणी स्वतः काढली. झालं, देवी जागृत ठरली. मंगळवारी माझ्या भिंतीपुढे बायका नंबर लावून उभ्या राहू लागल्या.

आणि आत्याबाई! ज्यांनी हात बांधला, त्याच सकाळी उठून पट्टी सोडायच्या. “देवीचं झालं का? न्हाई? मग च्या कसला मागतीस?”

ठिपके वर गेले, खांद्याशी आले, मग भुवयांशी येऊन अडले. आठ दिवस एकाच जागी. दवाखान्याची तारीख जवळ येत होती. मी चिडून गेरूची मातीची वाटी भिरकावली आणि ओरडले, “नाही जमत! बांधा हात परत!” आत्याबाई खाली बसल्या. त्यांनी वाटीचे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या सकाळी माझ्या ठिपक्याच्या बोटभर वर एक नवा ठिपका होता.

“देवीनं लावलाय,” आत्याबाई चुलीकडे बघत म्हणाल्या. “आता तितवर जायाला नगं व्हय?”

तीन दिवसांनी मी तिथे पोचले. लगेच त्याच्या वर आणखी एक. असं करत देवी माझ्या डोक्यावर गेली. एका सकाळी भिंतीखाली जेवणाचा पाट दिसला, त्यावर ओल्या पायांचे दोन लहान ठसे. आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि त्यांच्या नखांत गेरू होता. मी पाट उचलून जागेवर ठेवला.

पुण्याला जायच्या दिवशी त्या नेहमीसारख्या फणी घेऊन पाठीशी आल्या. “थांबा,” मी म्हटलं. डाव्या हाताने केस गोळा केले, उजवा वर नेला. दोनदा केस सुटले. तिसऱ्यांदा बुचडा बसला, तिरका, कानाकडे झुकलेला, पण बसला.

आत्याबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. “सैल हाय,” त्या म्हणाल्या. पण त्यांनी तो परत आवळला नाही.

“आत्याबाई,” मी विचारलं, “देवीला पाट कशाला लागतो हो?”

त्या फणीतले केस काढत राहिल्या. “बुटकी आसंल बिचारी,” त्या म्हणाल्या. “आन सून मिळाली उंच. मग चढावं लागतंय.”

बाहेर माझे मालक गाडी जुंपून हाका मारत होते. त्या दिवशी घरात कुणी कांदा कापत नव्हतं, तरी आम्ही दोघी डोळे पुसतच गाडीत बसलो.