कॅरव्हॅनमधलं पाणी

हे मी मुग्धालाही सांगितलेलं नाही. मुग्धा माझी बायको. एरवी तिला मी सगळं सांगतो, अगदी डबा परत करताना कोणाचं झाकण हरवलं हेसुद्धा. माझा मित्र हेमंत, त्याला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तुमची-माझी ओळख नाही म्हणून तुम्हाला सांगायला जरा सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसलोय तर ते तितकंसं सोपं नाही, हे आत्ताच लक्षात येतंय.

मी मिल्टन कीन्समध्ये राहतो आणि एका शाळेत फिजिक्स शिकवतो. हे मुद्दाम आधीच सांगतोय. पुढे तुम्ही म्हणाल, याला माहीत नसेल बिचाऱ्याला. मला माहीत होतं. पाणी गोठलं की फुगतं, हे मी दरवर्षी यर एटच्या, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. काचेची बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिचे तुकडे वर्गात फिरवतो. त्या वर्षी तर हा धडा ईस्टरच्या सुट्टीच्या अगदी आधीच झाला होता.

आता कॅरव्हॅन. हेमंत आणि मी, दोघांनी मिळून एक जुनी कॅरव्हॅन घेतली होती. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची, आत दोन बाक, एक इवलंसं स्वयंपाकघर आणि माणूस उभा राहिला तर साबण पडेल अशी न्हाणी. ती शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात उभी असायची. आमची कामं वाटलेली होती. हेमंत सॉफ्टवेअरवाला, पण गाडी ओढण्यात तरबेज. राउंडअबाउटवर ते लांबलचक धूड घेऊन असा वळतो की बघत राहावं. त्यामुळे ओढणं आणि वीज त्याच्याकडे. पाणी माझ्याकडे — मी फिजिक्सवाला ना.

पाण्याचं काम म्हणजे काय? थंडीत कॅरव्हॅन उभी करायची तर तिच्या पोटातलं सगळं पाणी काढून टाकायचं. खालची पिवळी खिट्टी उघडायची, पाणी तापवायची टाकी रिकामी करायची, सगळे नळ उघडे ठेवायचे, शॉवरचं तोंड खाली सोडायचं. म्हणजे नळ्यांत पाणी राहत नाही आणि गोठून काही फुटत नाही. फार तर अर्ध्या तासाचं काम. दर नोव्हेंबरला मी ते अगदी मन लावून करायचो, करताना हेमंतला व्याख्यानही द्यायचो.

त्या वर्षी ईस्टरला आम्ही नॉरफोकला जाऊन आलो. हवा अशी सुंदर की लोक अर्ध्या चड्ड्या घालून फिरत होते. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं ठरलं होतं, म्हणून पाणी तसंच ठेवलं. त्यात काही चूक नव्हती. चूक पुढे आहे.

गुरुवारी दुपारी हेमंतचा ऑफिसातून फोन आला. उद्या पहाटे उणे चार दाखवतायत, म्हणाला. "पाणी काढलंस ना?"

आणि मी म्हणालो, "हो, काढलं."

इथे मला थोडं थांबायला हवं. मी 'काढतो' म्हणू शकलो असतो. 'काढतो' हा मराठीतला किती उदार शब्द आहे! काढतो म्हणजे आज, उद्या, जमेल तेव्हा. 'काढतो' म्हणून न काढलेल्या गोष्टींवर आपल्या कित्येक पिढ्या सुखाने जगल्या. पण मी 'काढलं' म्हणालो. का? तेव्हा मी काय करत होतो ते सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा.

मी केस काळे करत होतो.

सुट्टीच्या आधी वर्गातल्या एका मुलीने मला अगदी आपुलकीने विचारलं होतं, सर, तुम्ही रिटायर झालात की आम्हाला कोण शिकवणार? मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. मुग्धा कामावर गेलेली, घर रिकामं, म्हणून मी गुपचूप आणलेलं पाकीट उघडलं होतं. डोक्यावर काळा लगदा, त्यावर प्लॅस्टिकची टोपी, खांद्यावर जुनी चादर. अशा अवतारात फोन कानापासून वीतभर लांब धरून मी उभा होतो. रंग लागू नये म्हणून. लवकर बोलणं संपावं एवढंच डोक्यात होतं. 'हो, काढलं' म्हटलं की बोलणं संपतं.

मग नंतर का नाही गेलो? विचारा. डोकं धुऊन झालं तरी चांगलं लख्ख ऊन होतं. आधी बाथरूमच्या फरशीवरचे डाग घासत बसलो. मग बागेत गेलो. शेजाऱ्यांचं प्लमचं झाड पांढरंशुभ्र फुललेलं, त्यावर मधमाश्या. मी आरशासारख्या खिडकीत स्वतःला बघितलं. बरा दिसत होतो. वाटलं, या हवेत कसला बर्फ पडतोय. फिजिक्स शिकवणारा माणूस मधमाश्या बघून तापमान ठरवत होता.

सकाळी गाडीची काच पांढरी होती. खरवडून काढावी लागली. प्लमची फुलं चहात बुडवल्यासारखी तपकिरी झाली होती. मला तिथेच कळलं. तरी मी काही केलं नाही, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं — असं मी मनाला सांगितलं. फोन करण्यासारखं उरलं होतं. तो केला नाही.

आता काकूंबद्दल. हेमंतची आई, मालतीकाकू, तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. नागपूरला त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. खो-खोच्या कित्येक तुकड्या तयार केलेल्या. सत्तरी उलटली तरी बरणीचं झाकण कोणाला उघडलं नाही की काकूंकडे द्यायचं. इथे आल्यापासून त्यांचं एकच चाललेलं, मला काहीतरी काम द्या. शीतल, त्यांची सून, स्वभावाने चांगली, पण तिचं स्वयंपाकघर तिच्या पद्धतीने चालतं. काकूंना तिथे फारसा वाव नव्हता. म्हणून कॅरव्हॅनच्या सहलीची त्यांना हौस. तिथला पहिला चहा मी करणार, हे त्यांनी आठवडाभर आधी जाहीर केलं होतं.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी आवारात पोचलो. मुद्दाम. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. पाण्याचं पिंप जोडलं, आत जाऊन पंपाचं बटण दाबलं. नळ बंद असले की पंप थोडा वेळ घुरघुरतो आणि गप्प होतो. हा गप्प होईना. म्हणजे कुठेतरी पाणी निसटत होतं. स्वयंपाकघरातला नळ दांडी वर उचलून उघडायचा; त्याच्या मानेशी मला केसाएवढी चीर दिसली, तिच्यातून थेंब येत होते. मी बटण बंद केलं. फडक्याने थेंब पुसले.

बाहेर हेमंतची गाडी आली.

सांगायला हवं होतं ना? दोन वाक्यं होती. पण बटण बंद करून मी बाहेर आलो आणि टायरमधली हवा बघू लागलो. टायर माझ्याकडे नव्हतेच, हेमंतकडे होते. तरी मी वाकून बघत राहिलो, आणि आतून हेमंतचा आवाज ऐकला: पंप चालू करतो गं आई, भर पाणी.

पुढचं मी टायरपाशी बसूनच ऐकलं. आधी एक फटका बसल्यासारखा आवाज, मग काकूंचं "अरे बाप्पा", मग शीतलची किंकाळी. आत गेलो तर नळाच्या जागी कारंजं. पाणी छताला लागून चारी दिशांना पडत होतं. काकू मध्ये उभ्या, साडी ओलीचिंब, हातात नळाची तुटलेली दांडी. ती त्यांनी दोन्ही हातांवर धरली होती, प्रसाद घ्यावा तशी. बाक, गाद्या, पांघरुणं, त्यांनी रात्री खपून केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा, सगळं पाण्यात. मी धावत जाऊन पंप बंद केला. धावपळीत मी फार कर्तबगार दिसलो असणार.

"मी तर हळूच उचललं रे बाप्पा," काकू म्हणाल्या.

हेमंत हसला. म्हणाला, आई, खो-खोचा हात आहे तुझा, हा इंग्लिश नळ बिचारा. तो मनापासून हसत होता. पण शीतल ओल्या गाद्यांकडे बघत होती. ती म्हणाली, "आई, तुम्हाला म्हटलं होतं ना, इथल्या वस्तू नाजूक असतात." एवढंच. आवाजही चढवला नाही तिने. काकूंनी दांडी ओट्यावर ठेवली, तिच्यावर पदराचं टोक दाबून ती पुसली.

आणि मी? मी त्यांना धीर दिला. हे सगळ्यात वाईट आहे, फोनपेक्षाही वाईट. मी तुटलेली दांडी हातात घेतली, उजेडात धरली आणि समजावून सांगितलं, या नळांच्या आत प्लॅस्टिकची वाटी असते, एका बाजूने जोर पडला की ती निघून येते, कोणाकडूनही होतं काकू, मनावर घेऊ नका. शिक्षकाचा आवाज लावून. सगळ्यांना पटलं. काकूंनाही पटलं. त्यांनी माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं, मग जरा निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझे केस किती काळे झालेत रे."

वाटलं, आता धागा लागला. पण काकू पुढे म्हणाल्या, इथलं पाणी मानवलेलं दिसतंय तुला.

सहल रद्द झाली. नळ नवा बसवला, गाद्या आठवडाभर बागेत वाळत होत्या, कव्हरं मात्र विटली ती विटलीच. मी म्हटलं असतं, चालतील. त्याआधीच काकूंनी आपल्या दोन सुती साड्या कापल्या आणि शीतलच्या मशीनवर नवी कव्हरं शिवली. निळ्यावर पिवळ्या चौकटी. शीतलने कितीदा सांगितलं, आई, नको. काकू म्हणाल्या, माझ्या हातून झालंय, मलाच निस्तरू दे. आम्ही त्यावर बसतो, जेवतो, झोपतो. फार सुबक शिवली आहेत. एक टाका अजून उसवलेला नाही.

हेमंतच्या घरी तर काकू नळालाच हात लावेनाशा झाल्या. शीतल, जरा पाणी सोड गं, म्हणायच्या. शीतल कामावर गेली की बादलीतून तांब्याने घ्यायच्या. हेमंतने हे मला गंमत म्हणून सांगितलं. मीही हसलो. चहा करायचा हट्टही त्यांनी सोडला. उरलेले महिने त्या बाहेरच्या खोलीत बसून कोणी काही देईल का याची वाट बघत असाव्यात, असं मला वाटतं. मी बघितलेलं नाही. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं होतं.

नागपूरला परतल्यावर मात्र त्यांनी त्याची गोष्ट केली. भिशीत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत त्या सांगतात, इंग्लंडमध्ये मी एक अख्खी गाडी बुडवली. म्हणे फार रंगवून सांगतात, माणसं हसून लोटपोट होतात. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. काही वर्षं मी ते स्वतःला पटवूनही बघितलं — बघ, त्यांना एक गोष्ट तरी मिळाली. पण गोष्टीतला वेंधळेपणा त्यांचा आहे, आणि तो मी दिलेला आहे.

आता गुडघ्यांमुळे त्या येत नाहीत. मार्च उजाडला की व्हिडिओवर हेमंत मला पुढे करतो. काकू विचारतात, तिकडे पुन्हा थंडी पडणार म्हणे, पाणी काढलंस ना रे? मी म्हणतो, हो काकू. हल्ली खरंच काढलेलं असतं. मग त्या म्हणतात, "आणि नळ हळू उघडा बरं, माझ्यासारखं करू नका." मागून शीतल हसते. मी पण.

काकू छापलेलं सगळं वाचतात. भज्यांना गुंडाळलेला कागदसुद्धा सपाट करून वाचतात. हे त्यांच्यापर्यंत जाईल, हे मला माहीत आहे.

काकू, नळ आधीच फुटलेला होता. मी पाणी काढलं नव्हतं, आणि काढलं म्हणून सांगितलं होतं. तुम्ही नळ उघडलात तेव्हा मी बाहेर टायरपाशी होतो, आणि मला माहीत होतं.