आजींना ऐकवलेला शेवट

डायलिसिसच्या खोलीतल्या ताईंना वाचनाचं भारी वेड. यंत्र जोडायचं, सुया टोचायच्या, रक्तदाबावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. पण यंत्र सुरू झालं की पेशंटला तासन्‌तास खुर्चीतून हलता येत नाही. छताकडे बघत पडलेली माणसं ताईंना बघवेनात, म्हणून त्या घरून पुस्तकं आणू लागल्या. स्वतः नुकतंच वाचलेलंच पुस्तक द्यायचं आणि ते हलकं हवं, एवढंच त्यांचं पथ्य. कारण एका हातात सुया, म्हणजे पुस्तक दुसऱ्या हातानंच पेलायचं. एखादं जाडजूड पुस्तक फारच आवडलं, तर ब्लेडनं त्याचे तीन तुकडे करून आणत. नवरा म्हणे, "हे वाचनालय आहे की खाटीकखाना?"

खिडकीशेजारच्या दोन खुर्च्यांवर शिवणवाल्या आजी आणि पाणीवाले काका बसत. आजींनी आयुष्यभर नवऱ्यामुलींचे पोशाख शिवले होते. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आजींना फक्त कादंबऱ्या लागत. काकांना ताईंनी पहिल्यांदा कादंबरी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरून परत दिली. घडलेलंच नाही ते वाचून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. मग ताईंनी त्यांना मधमाश्यांवरचं पुस्तक दिलं, पुलांवरचं दिलं, एका गिर्यारोहक बाईचं आत्मकथन दिलं. काका खूश. आजी मात्र नाक मुरडत. मधमाशीला नवरा-सासू असती तर आपणही वाचलं असतं, म्हणत.

त्या वर्षी आजींच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेनं नजर अधू केली आणि अक्षरं पुसट झाली. ताईंनी नुकतीच दिलेली कादंबरी मांडीवर तशीच पडून राही. आजी नुसत्या मुखपृष्ठावरून हात फिरवत बसत. बंदरावर लॉज चालवणाऱ्या एका विधवेची ती गोष्ट, जाडजूड, म्हणून तीन तुकड्यांत आणलेली. ताई कामातून वेळ काढून पानभर वाचून दाखवू लागल्या, की हमखास कुठलं तरी यंत्र ओरडे.

शेवटी काकांनीच हात पुढे केला. "द्या इकडे. यंत्र ओरडल्यावर मला उठावं लागत नाही."

काका नोटीस वाचल्यासारखं वाचत. प्रेमाचा प्रसंग आला की वेग वाढवत. आजी त्यांना थांबवून परिच्छेद पुन्हा वाचायला लावत. तरी गाडी हळूहळू रुळावर आली. पलीकडच्या खुर्च्यांवरची माणसंही टीव्हीचा आवाज कमी करू लागली. लॉजवाल्या बाईला तो आगबोटीवरचा खलाशी फसवणार की नाही, यावर खोलीत दोन तट पडले.

गोष्ट तिसऱ्या तुकड्यात शिरली, तेव्हा ताईंना शेवट आठवला. शेवटी ती बाई आजारी पडते, इस्पितळात जाते आणि तिथेच संपते. पुस्तक देताना आजी एकट्याच वाचणार होत्या. आता सगळी खोली कान देऊन ऐकत होती, आणि त्यातला प्रत्येक जण सुईला बांधलेला. ताईंनी काकांना बाजूला गाठून कल्पना दिली. काका तो तुकडा घरी घेऊन गेले.

पुढच्या खेपेला त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. बाई बरी झाली. घरी आली. लॉजच्या गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, गळका पाइप बदलला, आणि वरच्या मजल्यावरसुद्धा नळाला चांगला दाब आल्याचं पाहून तिला समाधान वाटलं.

आजी म्हणाल्या, "काका, हे ठिगळ तुमचं आहे."

काकांनी मान खाली घातली. ताई मध्ये पडायला गेल्या, तर आजींनी मोकळ्या हातानं त्यांना थांबवलं.

"मेली ना ती? मग तसं वाचा. मी लहान पोर नाही. इतके दिवस तिच्याबरोबर राहिले, शेवटी तिला एकटीला सोडू का?"

काकांनी पानं उलटली आणि खरं प्रकरण वाचलं. आवाज दोनदा अडखळला. नोटिशीसारखं मात्र ते वाचणं राहिलं नव्हतं. संपलं तेव्हा आजींनी डोळे मिटले होते. ताईंना वाटलं, झोप लागली. जवळ गेल्या तर त्या म्हणाल्या, "खलाशी वेळेवर पोचला हो. बरं झालं." मग थोड्या वेळानं, "आता ते मधमाश्यांचं काढा. बघू काय म्हणतात त्या."

पुढे काकांना त्यांच्या धाकट्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं. त्यांची खुर्ची सुटली. ताईंनी आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला. आजींनीही वाजवल्या असत्या, पण एकच हात मोकळा, म्हणून खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. त्यानंतर बरेच आठवडे ताईच जमेल तसं वाचत.

मग एका सकाळी काका दारात उभे. डॉक्टरांची परवानगी घेऊन आले होते. ताईंनी त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तोंडावर मास्क चढवला आणि आजींपासून अंतर ठेवून स्टूल दिलं. नवी कादंबरी त्यांच्या हाती ठेवली, तेव्हा मलपृष्ठ न वाचताच त्यांनी ती उघडली.

दोन पानं झाली आणि आजींची तक्रार आली. मास्कमधून नायिका सर्दी झाल्यासारखी बोलतेय म्हणे.

काकांनी आवाज चढवला आणि पुढे वाचू लागले.