ओट्यावरची दाढी

सलूनमध्ये नत्थुजींचा नंबर आला तसा न्हावी योगेशने रिकाम्या खुर्चीवर टॉवेल पसरून ठेवला.

"काका, तुमची दाढी आता मले करता येत नाही," तो खाली बघत म्हणाला.

"काहून?"

"गावची बैठक झाली. आन् दुकानाची जागा त्याईचीच हाय."

नत्थुजी उठले. त्यांच्या मुलीने, रागिणीने, अमरावतीत दुसऱ्या जातीतल्या कुलदीपशी लग्न केलं होतं. पोरगी आमच्यासाठी मेली, असं बापाने चारचौघांत म्हणावं, एवढंच गावच्या मोठ्या माणसांचं मागणं होतं. नत्थुजींनी त्यांना सांगितलं, "जित्ती हाय ते. काल फोनवर बोलली." तेव्हापासून लग्ना-बारशाची बोलावणी थांबली होती. आता दाढीही थांबली.

त्यांची बायको वच्छला हिने बाजारातून प्लास्टिकचं रेझर आणून दिलं. पण नत्थुजींची दाढी म्हणजे तुरीची धसकटं. गालभर पुरळ उठलं. मग ते चांदूर रेल्वेला कुर्बानभाईंकडे गेले. हा म्हातारा न्हावी अजून जुन्या वस्तऱ्याने दाढी करायचा. काम झकास झालं, पण परत येताना एसटीत बसल्याबसल्या नत्थुजींचं डोकं तापलं. दाढीसाठी तालुक्याला पळावं लागतं, हेही गाव बघणारच की.

पुढच्या खेपेला ते कुर्बानभाईंना म्हणाले, "मलेच शिकवा."

"दाढी करनं येऊन जाईन, भाऊ. धार लावनं येत नाही लोकाईले." तरी म्हाताऱ्याने एक झिजलेला वस्तरा आणि गुळगुळीत दगड काढून दिला.

नांगराच्या फाळाची सवय असलेले ते हात दगडावर पाणी टाकून जोर लावायचे. कुर्बानभाई हातावर चापट मारायचे. "दाबता काहून? पाठ आन् धार दोन्ही दगडाले टेकू द्या. पाठ उचलली का धार मेली." पालटताना वस्तरा पाठीवरूनच पालटायचा, हे ध्यानात यायलाही वेळ लागला. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना तर त्यांनी पट्टाच कापला. वच्छला म्हणाली, "सोडा आता हा नाद."

"दाढी वाढली का ते समजतीन, नत्थू वाकला," ते म्हणाले आणि पुन्हा दगड ओला करायला बसले.

रोज संध्याकाळी हेच चाललं. मग एके दिवशी वस्तरा हाताला नुसता लावला तर केस आपोआप उडाले. दुसऱ्या दिवसापासून ते घरात नाही, रस्त्याकडच्या ओट्यावर आरसा टेकवून दाढी करू लागले. जाणारे-येणारे बघायचे. ते मान वळवत नसत.

आखाजीच्या सणाला रागिणी आणि कुलदीप आले. सकाळी नत्थुजींनी जावयाला हाक मारली.

"बसा जावईबापू."

कुलदीप गोंधळला. रस्त्यावर माणसं थांबली होती. "मामा, मी घरूनच करून..."

"बसा म्हनलं ना."

साबण लावून त्यांनी वस्तरा उघडला. रस्त्यावरून कोणीतरी म्हणालं, "नत्थुजी न्हावी झाले का?"

"झालो," नत्थुजी म्हणाले. "तुही दाढी करू का?"

स्वतःच्या गालावर सरावलेला हात दुसऱ्याच्या गालावर मात्र अडखळू लागला. हनुवटीखाली वस्तरा अडला आणि कुलदीपने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात घोळक्यातून योगेश पुढे आला. त्याला बघवत नव्हतं.

"काका, कातडी ताना अगोदर. डाव्या हातानं. हं, तशी. आता वरून खाली."

दुकानाच्या जागेचे मालक घोळक्यातच उभे होते. योगेशने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण ओट्यापासून हलला नाही. नत्थुजींनी कातडी ताणली आणि सगळा गळा न अडखळता साफ केला.

बोलावणी अजून आली नाहीत. योगेशला मात्र जागा सोडावी लागली. तो आता बसस्टँडवर झाडाखाली खुर्ची टाकतो. धार लावायचा त्याला कंटाळा आहे, म्हणून वस्तरे नत्थुजींकडे देतो आणि नत्थुजी त्यांना रस्त्याकडच्या ओट्यावर बसूनच धार लावतात.