सासऱ्यांचा तीस दिवसांचा महिना

आमच्या सासऱ्यांइतका स्वावलंबी माणूस अख्ख्या भोर तालुक्यात सापडायचा नाही. केससुद्धा ते दोन आरसे लावून स्वतःच कापतात आणि मग महिनाभर टोपी घालून हिंडतात. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ते उत्रोलीतल्या घरी मोबाईलवर बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. माझी नोकरीच त्यातली, म्हणून मी हौसेनं सांगायला गेलो, की दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं फंक्शन, म्हणजे एखादं काम करणारा तयार तुकडा, एका ओळीत आपल्या प्रोग्राममध्ये आणता येतं, त्याला इम्पोर्ट म्हणतात. मी परीक्षेत कॉपी करायला सांगतोय अशा नजरेनं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोकांचं कशाला? आपल्याला हात न्हाईत का?" वर्गमूळ काढायचं फंक्शन त्यांनी तीन आठवडे खपून घरीच बनवलं. ते नऊचं वर्गमूळ तीनच्या अगदी जवळपास काढतं.

भातलावणीतही तेच. गावात सावड असते, आज सगळ्यांनी मिळून एकाचं वावर लावायचं, उद्या दुसऱ्याचं. सासरे प्रत्येकाच्या चिखलात कंबर मोडेस्तोवर राबणार, पण आपल्या वावरात कुणाला बोलावणार नाहीत. तिथं ते आणि सासूबाई दोघंच. गेल्या वर्षी सासूबाईंचे गुडघे गेले. वाफ्यातली रोपं वाढून पिवळी पडायला लागली, वावर पडीक राहणार हे दिसू लागलं. तेव्हा कुठं त्यांनी जन्मात पहिल्यांदा सावडीच्या यादीत आपलं नाव घातलं, तेही सगळ्यात शेवटी, एकतीस जुलैला. कोणत्या दिवशी कुणाचं वावर, ही यादी त्यांच्याच प्रोग्राममधून छापून त्यांनी घरोघर वाटली. स्वतःचं काम तपासायची त्यांना कधी गरज वाटलेली नाही.

एकतीसला त्यांनी वीस माणसांचा चहा टाकला. नऊ वाजता मला फोन आला.

"कुणीच आलं न्हाई हो, जावईबापू."

मी लगेच त्यांचा प्रोग्राम मागवून पाहिला. तारखेचं फंक्शनही घरचंच, आणि त्यात सगळे महिने तीस दिवसांचे!

"मामा, एकतीस तारीख तुमच्या यादीत छापलीच गेली नाही."

त्यांनी फोन ठेवला. मग ते चप्पल न घालताच शेजारी गेले, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. दारात उभं राहून म्हणाले, "चूक माझी हाय. माझं वावर राहिलंय. याल का?"

शेजारच्या काकू हसायलाच लागल्या. "अवो गुर्जी, आमाला वाटलं तुमी दरसालासारखं दोघंच लावनार. कागद कशाला लागतुय? हाक मारायची की!"

दुपारपर्यंत निम्मी आळी वावरात होती. संध्याकाळी सासऱ्यांनी तारखेसाठी इम्पोर्टची एक ओळ लिहिली आणि ती बरोबर आहे का, हे मला विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. "अमुक करायचं तयार फंक्शन हाय का हो?" बहुतेक वेळा ते आदल्या रविवारचंच असतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. या रविवारी मात्र ते फंक्शनचं विचारायचंच विसरले. नुसतं म्हणाले, "कधी येताय?"